पुढे तीन, मागे तीन आणि उलटे दोन

सात सीटची एसयूव्ही घेऊन खरोखरच्या सात माणसांना कुठे न्यायचं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. जाहिरातीत सातही जण आत बसून हसत असतात, पण ते आत कसे गेले याचा फोटो कुणी छापत नाही. तिसऱ्या रांगेत जायचं तर आधी दुसऱ्या रांगेतल्या सीटचा खटका ओढायचा, ती पुढे पाडायची, मग जी फट तयार होते त्यातून एक पाय आत, डोकं खाली, कंबर तिरकी आणि दुसरा पाय नंतर सवडीने. आणि आमच्याकडे ही कवायत करणाऱ्या बायका पैठणीत असतात.

मध्यंतरी एका बारशाला निघालो होतो. नाशिकची आत्या आलीये सध्या आमच्याकडे मिशिगनला, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांचं आपसात पटत नाही. तिने गाडीचं दार उघडून आत पाहिलं, मग खाली फूटबोर्डाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "शिडी कुठंय?" शिडी नव्हती म्हणून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. तिला आणि तिच्या जावेला मधल्या दोन खुर्च्यांवर चढवलं. बायको साठीला आलीये पण त्या घोळक्यात तीच सगळ्यात तरुण, म्हणून ती आणि शेजारच्या काकू तिसऱ्या रांगेत गेल्या, म्हणजे गेल्या असाव्यात, कारण नंतर बराच वेळ फक्त आवाज येत होते. राहिलं श्रीखंडाचं पातेलं. तिसरी रांग उभी केली की डिकीत जेमतेम छत्री मावते, त्यामुळे पातेलं पुढे माझ्या शेजारी. गाडी सुरू केली तर टिंग टिंग टिंग! शेजारी बसलेल्या इसमाने बेल्ट लावलेला नाही. चार किलो श्रीखंडाला बेल्ट लावला तेव्हा कुठे गाडी गप्प झाली. सगळ्यात ऐसपैस जागा श्रीखंडाला, आणि त्याच्या-माझ्यामध्ये तो भला मोठा खोका, ज्यात दोन कॉफीचे कप राहतात. पूर्वी त्या जागेवर माणूस बसायचा हो!

अतिशयोक्ती नाही करत. मी १९८९ मध्ये इथे घेतलेली पहिली गाडी म्हणजे १९८५ची शेवरोले कॅप्रिस, स्टेशन वॅगन म्हणजे छप्पर थेट डिकीच्या टोकापर्यंत गेलेली लांबलचक गाडी, अर्थातच सेकंडहँड, बाजूंना लाकडी फळ्यांचा भास करून देणारा विनाइलचा कागद चिकटवलेली. (एकेकाळी खरंच लाकूड असायचं, ब्यूक कंपनीने तर १९५३ पर्यंत लावलं, मग नुसता कागद राहिला पण लोकांची हौस काही गेली नाही.) लांबी जवळजवळ अठरा फूट, रुंदी साडेसहा फूट, बॉनेटखाली पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आणि पुढची सीट म्हणजे या दारापासून त्या दारापर्यंत सलग बाक. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे मध्ये काहीच नाही. मी, बायको आणि मध्ये आई. आई सहा महिन्यांसाठी आली की तिची जागा तीच, कारण तिथून एसीची झोत थेट मिळते आणि माझ्या स्पीडोमीटरवरही लक्ष राहतं.

आईला त्या गाडीत अमेरिका वगैरे काही वाटली नाही कधी. मुंबईच्या फियाट टॅक्सीत गिअरचा दांडा तसाच आणि पुढे ड्रायव्हरशेजारी कोंबून बसायची सोय पण तशीच. त्यात नवल नाही म्हणा, ती फियाट बनवणाऱ्या कुर्ल्याच्या प्रीमियरवाल्यांनी सुरुवात केली तीच मुळी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडून, आणि त्याच्याही आधी १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना गाड्या जोडत होताच. आमच्या चाळीत कुणाकडे शेवरोलेची इम्पाला गाडी येऊन गेली तर पोरं आठवडाभर त्या जागेकडे बघत बसायची. तर सांगायचं काय, गिरगावातल्या माणसाला डेट्रॉइटजवळ येऊन तीच बैठक मिळाली, फक्त वीतभर जास्त रुंद.

मागे आणखी तिघं. आणि त्याच्याही मागे, डिकीत, जमिनीतून उघडणारी तिसरी सीट, तोंड उलटीकडे! म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांकडे बघत प्रवास. ही जागा मुलांची. त्यांनी मागच्या ट्रकवाल्याला हात वर करून भोंग्याची साखळी ओढायची खूण करायची, तो बिचारा भोंगा वाजवायचा, मी दचकायचो. मधल्या रांगेत पाहुणे असल्यामुळे मुलांचं भांडण पुढपर्यंत पोचायचंच नाही आणि "अजून किती लांब" हा प्रश्न वाटेतच विरायचा. तोटा एकच, उलटं बसून घाटदार रस्ता आला की पोटातलंही उलटं व्हायचं, म्हणून आलेपाकाचा डबा कायम मागे. मिशिगनमध्ये घाट फारसे नाहीत ही त्या गाडीवर देवाची कृपा.

भारतातून पाहुणा आला की नायगारा दाखवायलाच लागतो, हा अलिखित कायदा आहे. डेट्रॉइटहून कॅनडातून गेलं तर जवळ पडतं, पण पाहुण्यांकडे कॅनडाचा व्हिसा नाही, मग खालून टोलेडो, क्लीव्हलँड, बफेलो असा अख्ख्या लेक ईरीला वळसा. आठ माणसं, बॅगा छपरावरच्या कॅरिअरला, मांडीवर दशम्या, चटणी, गूळपोळ्या. आणि गाडी अशी जायची की झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटायचं, रस्त्यातला खड्डा गाडीला कळायचा पण ती आपल्याला सांगायची नाही. सासरे तर वाटेतलं अख्खं ओहायो राज्य ओलांडेपर्यंत घोरत असायचे. ते जागे झाले की बायको विचारायची, "बाबा, क्लीव्हलँड पाहिलंत?" ते म्हणायचे, "छान आहे."

त्या मागच्या दाराबद्दल स्वतंत्र लिहायला हवं खरं तर. ते दारासारखं बाजूलाही उघडायचं आणि फळीसारखं खालीही पडायचं, वरची काच आधी आत उतरवली की झालं. सीटा पाडल्या की चार बाय आठ फुटी प्लायवूडचा अख्खा पत्रा सपाट आत जायचा, त्यामुळे मंडळाच्या गणपतीच्या मखराचं सामान दर वर्षी आमच्याच गाडीतून. अध्यक्ष बदलले, खजिनदार बदलले, गाडी तीच. मला कमिटीवर घेतलं होतं ते माझ्या कर्तृत्वामुळे, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

हिवाळ्यात वेगळीच तऱ्हा. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना आणि वजन सगळं पुढे, त्यामुळे बर्फात मागची बाजू आपल्या मनाने कुठेही जायची. इथले लोक त्यावर उपाय म्हणून डिकीत वाळूची पोती टाकतात. आम्ही बासमतीची टाकली. इंडियन स्टोअरमधून आणायची ती थेट मार्चपर्यंत गाडीतच. बायको रोज बर्फात बूट घालून गाडीत जायची आणि वाटीने तांदूळ काढून आणायची, आणि पोतं अर्ध्यावर आलं की मी ओरडायचो, "मागून हलकी व्हायला लागलीये, भात कमी करा!"

उन्हाळ्यात बॉनेट आईच्या ताब्यात. एवढा मोठा सपाट तापलेला पत्रा तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. जुनं धुतलेलं धोतर अंथरून तिने एकदा त्यावर कुरडया घातल्या. समोरचे अमेरिकन आजोबा, तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढून रिटायर झालेले, हळूहळू चालत आले, बराच वेळ बॉनेटकडे बघत उभे राहिले आणि मला हळूच विचारलं, हे कशासाठी असतं, इंजिनाचा आवाज कमी होतो का याने? आईने त्यांना संध्याकाळी तळून दिल्या. त्यानंतर ते दर उन्हाळ्यात विचारायचे, बॉनेट रिकामं का?

आता सगळं गोडच होतं असं म्हणणार नाही. ती पेट्रोल प्यायची. गावात गॅलनला पंधरा-सोळा मैल, तेही तिची मर्जी असेल तर. विनाइलच्या सीटवर जुलैमध्ये हाफ पँट घालून बसलेली मुलं उठताना कातडीसकट उठायची. बाकावर मध्ये बसणाऱ्याला नुसता कमरेचा पट्टा, एअरबॅगचं तर नावच नाही, आणि आज माझ्या नातवाला कुणी त्या उलट्या सीटवर बसवून हायवेला नेतो म्हणालं तर मी स्वतः गाडीपुढे आडवा पडेन. कळतंय मला सगळं. तरी पण.

लोक म्हणतात मोठ्या गाड्या पेट्रोलच्या भावाने मेल्या. अर्धंच खरं. १९७३ मध्ये अरबांनी तेल अडवलं, भाव भडकले, १९७५ मध्ये इथे कायदा झाला की कंपनीच्या कार सरासरी इतके मैल द्यायलाच हव्यात, १९७८ ला गॅलनला १८ आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीस. कंपन्यांनी गाड्या आधी आटवल्या, १९७७ ची इम्पाला-कॅप्रिस आधीच्यापेक्षा जवळजवळ फूटभर आखूड आणि काहीशे पौंडांनी हलकी निघाली. आमची वॅगन म्हणजे ही आटलेली आवृत्ती बरं का! पण कायद्यात एक गंमत होती. स्टेशन वॅगन ही कार, तिला कडक नियम. पिकअप, व्हॅन वगैरे मंडळी म्हणजे हलके ट्रक, त्यांना सवलत. १९८४ च्या मॉडेलची मिनीव्हॅन आली ती ट्रकाच्या रांगेत बसली, मागोमाग एसयूव्ही बसल्या, आणि कार मात्र वर्गाबाहेर अंगठे धरून उभी. १९९६ ला कॅप्रिस आणि ब्यूक रोडमास्टर बंद झाल्या, आणि टेक्सासमधल्या अर्लिंग्टनच्या ज्या कारखान्यात त्या व्हायच्या तिथे एसयूव्ही बनायला लागल्या. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया पोलीस आणि टॅक्सीवाल्यांच्या जिवावर २०११ पर्यंत तगली. पुढे सलग बाक असलेली शेवटची कार २०१३ ची इम्पाला. संपलं.

आता मजा बघा, गाड्या लहान झाल्या का? आजची शेवरोले सबर्बन ही एसयूव्ही आमच्या वॅगनपेक्षा लांब आहे, आणि उंची सव्वासहा फुटांच्या वर. आमच्या वॅगनचं छप्पर पाच फुटांच्याही आत, म्हणजे बरोब्बर आईच्या उंचीवर होतं, ती उभ्या उभ्या कॅरिअरवरची बॅग काढायची. म्हणजे लोखंड तेवढंच, पेट्रोल आजही भरपूर, फक्त गाडी आडवी होती ती उभी झाली आणि माणसांना चढायला लावलं. आणि आत प्रत्येकाला स्वतःची खुर्ची, स्वतःचा चार्जर, स्वतःचं तापमान. आम्ही आठ जण एकाच तापमानात भांडत जायचो. मुलगी म्हणते, बाबा, तुम्हाला गाडी नाही आठवत, तुम्हाला तुमची पस्तिशी आठवते. असेल. पण पस्तिशीत मी खाली बसून गाडीत शिरायचो आणि आता गुडघे गेल्यावर मला चढायला लावतात, हा कुठला न्याय?

इथे डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जत्रा भरते, ड्रीम क्रूझ म्हणतात, हजारो गाड्या आणि त्या बघायला रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेली माणसं. या वर्षी आत्याला घेऊन गेलो. मस्टँग, कॅडिलॅक, शेपट्या असलेल्या गुलाबी गाड्या, कशावरच तिची नजर ठरेना. एका पार्किंग लॉटमध्ये मात्र ती थांबली. लाकडी कागदाची कॅप्रिस वॅगन, रंगसुद्धा आमचाच. मालक साठीतला, ढेरपोट्या, घडीच्या खुर्चीवर बसलेला. मी त्याला म्हटलं आमच्याकडे अशीच होती, तो म्हणाला हे त्याला सकाळपासून प्रत्येक जण सांगतोय, बसा हवं तर आत.

आत्याने दार उघडलं, पदर सावरला आणि बसली. नुसती बसली! स्टूल नाही, शिडी नाही, "अगं बाई" नाही. बुडाने सरकत सरकत बाकाच्या मधोमध गेली, बायकोला हाताला धरून शेजारी ओढलं आणि मला म्हणाली, "तू बस रे गाडी चालवायला." मी बसलो. तिने डॅशबोर्डवरून हात फिरवला, धूळ नाही याची खात्री केली आणि मग खिडकीतून त्या मालकाकडे पाहिलं. तो उन्हात उभा. तिला ते काही बरं दिसेना. "अरे, तो का उभा? त्याला सांग की मागे बस म्हणावं, जागा आहे."

मी सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने स्वतःच्या गाडीत मागे जाऊन बसला. बायकोने वळून त्याला विचारलं, एसी लागतो का.