‘फकिरा’ म्हणे दुसऱ्यानं लिहून दिली!

परवा घरच्या ग्रुपवर थोरल्या वहिनींनी एक मेसेज टाकला. वर तीन लाल खुणा, खाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. असलं काही मी उघडत नाही. पण तासाभरात कराडहून भाचीचा फोन आला. पोरगी अकरावीला आहे, 1 ऑगस्टला अण्णाभाऊ साठेंच्या जयंतीला कॉलेजात त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीवर बोलणार होती. आठ दिवस आरशासमोर तयारी चालली होती. म्हणाली, “मामा, मी विषय बदलू का? ह्यात काय काय लिहिलंय बघा की.”

मग उघडला, आणि डोकं फिरलं.

मेसेजात पाच गोष्टी आहेत. अण्णाभाऊ साठे दीडच दिवस शाळेत गेले, म्हणजे कादंबरी त्यांची नव्हे, मुंबईतल्या कम्युनिस्ट पक्षाच्या शिकलेल्या मंडळींनी ती लिहून दिली. फकिरा साधा दरोडेखोर होता, त्याला नायक करून ठेवलंय. कादंबरी जातीजातीत भांडणं लावते. तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला तो जातीवर. आणि अण्णाभाऊंचं गाव वाटेगाव सांगली जिल्ह्यात असताना लोक सातारा म्हणतात, त्यावरूनच सगळी बनवाबनवी कळते.

‘लिहून दिली’ हे आधी घेतो, कारण पोरगी तिथंच अडली होती.

दीड दिवसाची शाळा खरी आहे. पण ती गोष्ट आपणच चमत्कारासारखी सांगत आलोय. दर जयंतीला वक्ता म्हणतो, ‘दीड दिवस शाळा शिकलेल्या माणसानं 35 कादंबऱ्या लिहिल्या!’ टाळ्या पडतात. मधल्या वर्षांत तो माणूस काय करत होता, ते कोणी सांगत नाही. मधलं गाळलं की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येणारच, एवढं मी त्या मेसेजवाल्याला देतो. त्यापुढं काही नाही.

मधलं असं आहे. घरच्यांबरोबर वाटेगावाहून चालत मुंबई. गिरणी, मिळेल ती मजुरी, दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पोस्टरं वाचत अक्षरओळख. गावाकडं बापू साठेंच्या तमाशाच्या फडात काम. पुढं माटुंग्याच्या लेबर कॅम्पात चळवळ, स्टालिनग्राडचा पोवाडा, 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लालबावटा कलापथक. फडावर उभं राहून हजार माणसं तासभर धरून ठेवणाऱ्याला गोष्ट सांगायला कुठल्या हेडमास्तरानं शिकवायचं? आणि शाळेच्या दाखल्यावरच माणूस मोजायचा असेल, तर मॅट्रिक न झालेल्या भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली, तीही कुणी ‘उभी करून दिली’ म्हणा. त्याच संस्थेच्या शाळेत आमच्या वहिनी शिकल्या.

आता पुस्तकच उघडा. 1959 साली ‘फकिरा’ आली, तिची अर्पणपत्रिका बघा: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीस. 1952 च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात कम्युनिस्ट पक्षाचे डांगे स्वतः उभे होते. दोघांतली तेढ जगजाहीर होती. पक्षाच्या कचेरीत बसून कुणी दुसऱ्याच्या नावावर कादंबरी लिहून देईल आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला वाहील? ती ओळ लिहायला पक्षापेक्षा मोठं काहीतरी पाठीशी लागतं. ते वाटेगावच्या मांगवाड्यातनं आलेल्या माणसाकडं होतं.

शिवाय कादंबरीची प्रस्तावना वि. स. खांडेकरांची आहे. खांडेकर जन्मानं सांगलीचेच, पुढं मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारे. भाड्याची लेखणी त्यांना कळली नसती होय? ती ह्या मेसेजवाल्याला कळली, आणि तीही पुस्तक न वाचता!

दरोडेखोर. बरं. लूट केली, हे खरंच आहे. दुष्काळात धान्य लुटलं, सरकारी खजिना लुटला, ते कादंबरीतच आहे, अण्णाभाऊंनी लपवलेलं नाही. कादंबरीतला फकिरा जरा जास्तच धुतल्या तांदळासारखा आहे, हेही मला मान्य. त्याला मोह नाही, चूक नाही, आणि त्याच्या घरातल्या बायका बऱ्याचदा वाट बघण्यापुरत्याच येतात. कादंबरी म्हणजे इतिहासाचं दप्तर नव्हे.

पण आमच्या भागात राहून खजिना लुटण्याला नाक मुरडायचं म्हणजे कमाल झाली. 1944 साली धुळ्याकडं चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, त्यात कोण होतं? वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, कुंडलचे जी. डी. बापू लाड. इंग्रजांविरुद्ध साताऱ्याकडं चाललेल्या पत्री सरकारची माणसं. त्यांना आपण क्रांतिवीर म्हणतो, म्हणायलाच पाहिजे. मग त्याच वाळवा तालुक्यातल्या मांगानं त्याच इंग्रजाचा खजिना फोडला की तो दरोडेखोर कसा होतो? फरक कुठं पडला, तेवढं मेसेजवाल्यानं तोंडानं सांगावं.

आणि दरोडेखोर ठरवलं कुणी, तेही बघा. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यापर्यंत आणला. आपल्याकडं मांग, रामोशी त्यात ओढले गेले. चोरी झाली नसली तरी हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर परवानगी काढायची. पोर जन्मलं की तेही त्याच यादीत. स्वातंत्र्यानंतर 1952 साली तो कायदा पुरता गेला, पण कागद फाडला म्हणून बोलणं फाटत नाही. आमच्या लहानपणी गावात कुणाची कोंबडी गेली तरी पहिलं बोट कुठल्या वस्तीकडं जायचं, ते मला माहीत आहे आणि वहिनींनाही.

जातीजातीत भांडणं लावते म्हणे! अहो, सुरुवातच जोगणीनं होते. जोगणी ज्या गावात, यात्रेचा मान त्या गावाला; ती शिगावची जोगणी आपल्या गावात आणायची म्हणून फकिराचा बाप राणोजी जातो, आणतो आणि त्यात जीव गमावतो. जोगणी कुणाची? सगळ्या गावाची. यात्रा सगळ्या गावाची, मान सगळ्या गावाचा. मेला तो गावाच्या शिवेबाहेर ठेवलेला माणूस. हे वाचून कुणाला कुणाशी भांडावंसं वाटत असेल तर दोष पुस्तकाचा नाही. याच कादंबरीत शंकरराव पाटील आहेत, विष्णुपंत कुलकर्णी आहेत, दोघं मांगवाड्याच्या बाजूनं उभे राहतात. जात काढून माणूस मोजायचा असता तर अण्णाभाऊंनी त्यांना एवढं मोठं केलंच नसतं. शेवटी आपल्या माणसांना सरकारनं कोंडलं म्हणून फकिरा स्वतःहून हजर होतो. यात भांडण कुठं आहे?

पुरस्काराचं फार बोलण्यासारखं नाही. तो मिळाला त्या 1961 साली सरकार काँग्रेसचं होतं आणि अण्णाभाऊ लाल बावट्याचे शाहीर, संयुक्त महाराष्ट्रासाठी त्याच काँग्रेसवर डफ वाजवत फिरलेले. सरकारनं त्यांचे लाड करायचं कारण काय होतं?

राहिलं सातारा-सांगली. अण्णाभाऊ 1920 साली जन्मले तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यातच होतं. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याचं नाव पुढं 1960 मध्ये सांगली झालं. आमच्या आजीच्या बोलण्यात शेवटपर्यंत सातारा जिल्हाच होता. ती बनावट नव्हती.

वहिनींना मी ग्रुपवर काही लिहिलं नाही, फोन केला. त्या म्हणाल्या, “मला आलं तसं मी पुढं ढकललं, वाचलंय कुणी एवढं?” मी म्हटलं, मेसेज की पुस्तक? त्या म्हणाल्या, “दोन्ही.”

भाचीला सांगितलंय, विषय बदलायचा नाही. रविवारी ये आणि माझी प्रत घेऊन जा. मधली पानं सुटलीत, दोऱ्यानं बांधून ठेवलीयत, तेवढी सांभाळ.