वतने गेली, दप्तरे कुठे गेली?

२०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मग तहसील कचेऱ्यांतली कपाटे उघडली, शाळांची जुनी रजिस्टरे निघाली, कोतवाल बुके, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, झटकली गेली. मोडी वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी आली. लाखो नोंदी सापडल्या. इंग्लंडमध्ये बेडफर्डला बसून मी हे रोज वाचत होतो आणि इथल्या मराठी मंडळींत त्यावर कडाक्याचे वादही चालले होते. आरक्षणावरचे माझे मत या लेखाचा विषय नाही. मला लागून राहिले ते वेगळेच. पणजोबाच्या नावाची एक ओळ उजेडात यायला एवढे मोठे आंदोलन आणि न्यायमूर्तींची समिती लागली. आणि हे तर सरकारी कागद होते. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, इनामदार यांच्या वाड्यांत माळ्यावर पडलेल्या रुमालांपर्यंत, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तराच्या कागदांपर्यंत, कोणी पोचलेच नाही.

बेडफर्डशर ही इंग्लंडमधली एक छोटी काउंटी. आपल्या जिल्ह्यासारखीच, पण लोकसंख्येने आपल्या जिल्ह्यापेक्षा कितीतरी लहान. इंग्लंडमधले पहिले काउंटी अभिलेखागार १९१३ साली इथे सुरू झाले. ते उभे करणारे जॉर्ज हर्बर्ट फाउलर हे पेशाने प्राणिशास्त्रज्ञ. लंडन सोडून इथल्या खेड्यात राहायला आले, कागदांच्या नादी लागले आणि काउंटी कौन्सिलच्या अभिलेख समितीचे अध्यक्ष झाले. आपल्याकडे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले ते १९१० साली. म्हणजे वेड सारखे, काळही जवळपास तोच. फरक इतकाच की फाउलरांच्या वेडाला लोकांनी निवडून दिलेल्या कौन्सिलने इमारत, पगार आणि कायमची जबाबदारी दिली. राजवाडे गावोगाव पायपीट करत राहिले, आणि मंडळाला वर्गणी आणि देणग्या गोळा करत दिवस काढावे लागले.

या अभिलेखागारात रेस्ट पार्कच्या ग्रे घराण्याची दप्तरे आहेत, साउथहिलच्या व्हिटब्रेड घराण्याची आहेत, आणखी किती तरी लहानमोठ्या जमीनदारांची आहेत. शिसपेन्सिल, वही आणि ओळखपत्र एवढ्यावर कोणीही आत जाऊन बसू शकतो. शाई चालत नाही, बॅग बाहेर ठेवावी लागते. यादीत पाहून क्रमांक लिहून दिला की थोड्या वेळात कागद मेजावर येतो. पैसे पडत नाहीत. तुम्ही कोण, कुठल्या घराण्यातले, कशासाठी पाहता, हे विचारून कोणी अडवत नाही. माझ्यासारखा बाहेरून आलेला मराठी माणूस तिथे अठराव्या शतकातल्या एका इंग्रज जहागिरीच्या कारभाऱ्याची पत्रे वाचत बसतो आणि शेजारच्या मेजावरचा माणूस आपल्या घराच्या जागेवर पूर्वी काय होते ते शोधत असतो.

या घराण्यांच्या कागदांत लग्ने, मृत्युपत्रे, राजकारण हे सगळे आहेच. पण खरा ऐवज सामान्य माणसांचा आहे. कोणत्या कुळाने किती खंड भरला, कोणाचा थकला, कोणाला सूट मिळाली. नोकरांचे पगार, बियाण्यांची खरेदी, कुंपणावरून झालेले तंटे, विधवेने कारभाऱ्याकडे केलेला अर्ज. जहागीरदाराचे चरित्र लिहायला कोणीतरी मिळतेच. त्याच्या कुळाचे नाव मात्र त्या खंडाच्या वहीतच सापडते. आपल्याकडच्या वाड्यांतल्या रुमालांतही हेच आहे. बारा बलुतेदारांचे हक्क, पाहणीचे खर्डे, गोतसभेचे महजर म्हणजे निवाडे, कर्जरोखे, पाण्याच्या पाळीचे वाद. वाड्याचे दप्तर हे वाड्याइतकेच गावाचे असते. म्हणून ते जळाले किंवा रद्दीत गेले की नुकसान एका घराण्याचे होत नाही. ज्यांच्या घरी कागद ठेवायची सोय नव्हती, लिहिता येत नव्हते, त्यांचा उल्लेख असलेला एकमेव कागद जातो.

इंग्लंडच्या कायद्यातली एक गोष्ट कळली तेव्हा मी फार अस्वस्थ झालो, आणि हा लेख लिहायचे ठरले ते तिच्यामुळेच. मध्ययुगापासून इथे जमीनधारणेची एक पद्धत होती. जमिनीचा धनी मॅनरचा, म्हणजे जहागिरीचा, लॉर्ड. कूळ मेले की मॅनरच्या कोर्टात वारसाची नोंद व्हायची, वारस रक्कम भरायचा आणि त्या नोंदीची नक्कल त्याच्या हाती पडायची. ती नक्कल हाच त्याचा पुरावा. आपल्या वारसाच्या फेरफारासारखेच. १९२२ च्या कायद्याने ही पद्धत मोडीत काढली आणि १ जानेवारी १९२६ पासून ती संपली. पण त्याच कायद्याने, आणि १९२४ च्या दुरुस्तीने, मॅनरची सगळी कागदपत्रे मास्टर ऑफ द रोल्स या बड्या न्यायाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणली. विचार साधा होता: पद्धत गेली तरी लोकांचे हक्क त्या कागदांवर उभे आहेत, तेव्हा कागद जाता कामा नयेत. मालकी लॉर्डाचीच राहिली. मात्र त्याने कागद नीट ठेवायचे, मालकी बदलली तर कळवायचे, परवानगीशिवाय ते देशाबाहेर न्यायचे नाहीत. कोणते कागद कोणाकडे आहेत याची राष्ट्रीय नोंदवही तयार झाली. ती आज घरबसल्या पाहता येते.

आता आपल्याकडे पाहा. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, जातइनामे, म्हणजे व्यक्तीला मिळालेली इनामे, १९५२ च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलांची वतने १९६२ च्या कायद्याने. ती जायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ही शतकानुशतकांची व्यवस्था मोडताना तिने घराघरांत मागे ठेवलेल्या कागदांची नोंदवही कोणी केली नाही. पुढच्या दोन पिढ्यांत वाड्यांच्या वाटण्या झाल्या, भाऊ शहरात गेले, शाळांतून मोडी गेली. वाचताच येत नाही अशा कागदाची किंमत घरातल्या सुनामुलांना कशी कळावी? वाळवीने खाल्ले ते खाल्ले, उरलेले विहिरीत किंवा बंबात गेले. पुनर्विकासात वाडा पाडताना दप्तराचे काय करायचे हे विचारायला बिल्डरही बांधील नाही आणि नगरपालिकाही नाही.

कायदे आपल्याकडे नाहीत असे नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ७५ वर्षांपेक्षा जुने ऐतिहासिक मोलाचे दस्तऐवज येतात, आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी कागदांसाठी आहे. पण घराण्याचा खाजगी कागद घरातच कुजत असेल तर तो वाचवणारी, जिल्ह्याच्या ठिकाणी दार उघडे ठेवून बसलेली यंत्रणा नाही. राज्य पुराभिलेखागाराची केंद्रे मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा मोजक्या शहरांत आहेत. माणदेशातल्या किंवा सिंधुदुर्गातल्या माणसाने गाठोडे घेऊन जायचे कुठे?

यावर घराण्यांकडून येणारे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे: आमचे कागद, आम्ही बघू. हे उत्तर ऐकून शहरातले अभ्यासक चिडतात. मला राग येत नाही, कारण त्यामागे इतिहास आहे. १८५२ च्या कायद्याने जोर आलेल्या, इंग्रजांच्या इनाम कमिशनने दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि देशावरच्या इनामदारांना सांगितले, सनदा दाखवा. ज्यांना दाखवता आल्या नाहीत, किंवा ज्यांच्या सनदा कमिशनला पटल्या नाहीत, त्यांची इनामे खालसा झाली. पुण्याचे पेशवे दप्तर आज ज्या रूपात आहे त्यातही या चौकशीचा मोठा वाटा आहे. ते रुमाल इतिहासाच्या प्रेमापोटी जमवलेले नाहीत, वसुलीसाठी जमवलेले आहेत. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्या कुळाला मालक मानले गेले. न्याय झाला, पण वाड्यावर पुन्हा तोच धडा गिरवला गेला: कागद बाहेर काढला की जमीन जाते. शंभर वर्षांत दोनदा असे घडलेल्या घरांना फक्त इतिहासप्रेमाचे आवाहन करून भागणार नाही. त्यांना लेखी हमी हवी.

ती हमी इथल्या व्यवस्थेत आहे. काउंटी अभिलेखागारांतली बरीच घराणी दप्तरे देणगी म्हणून आलेली नाहीत, ठेव म्हणून आलेली आहेत. मालकी घराण्याची, सांभाळ काउंटीचा. करार होतो, यादी होते, अलीकडच्या खाजगी पत्रांवर ठरावीक वर्षांची बंदी घालता येते. कर भरण्याऐवजी मोलाचे कागद राष्ट्राला देण्याचीही सोय आहे. आपल्या असईच्या आणि अहमदनगरच्या १८०३ च्या लढाया लढलेल्या आर्थर वेलस्लीची, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनची, कागदपत्रे अशाच सोयीने राष्ट्राकडे आली आणि १९८३ पासून साउदम्प्टन विद्यापीठात आहेत. दख्खनच्या त्या मोहिमेबद्दलची पत्रे तिथे कोणीही जाऊन वाचू शकतो. त्या लढायांत शिंदे आणि भोसल्यांच्या बाजूने मेलेल्या शिलेदारांच्या घरचे कागद मात्र कुठे आहेत ते सांगता येत नाही.

इथले सगळे आदर्श आहे असे समजू नये. जमीनदारांचे कागद इतके शाबूत राहिले, कारण त्यांचे वाडे परक्या सैन्याने लुटले नाहीत, आणि त्या वाड्यांतला पैसा काही प्रमाणात आपल्याकडून आणि कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या घामातून आलेला होता. हे कागद उघडे असल्यामुळेच ते सिद्ध करता आले. जुने वाडे सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० मध्ये आपल्या वाड्यांचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध सांगणारा अहवाल काढला, तेव्हा इथेही मोठा गदारोळ झाला. भावना इथल्या लोकांच्याही दुखावतात. पण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना मूळ कागद पाहता येतो. आपल्या इतिहासाच्या भांडणांत, आणि ती मी इथल्या स्नेहसंमेलनांतही ऐकतो, कोणाच्याच हातात कागद नसतो, असतो तो फोनवर आलेला मजकूर.

पैशाची चणचण इथेही आहे. शेजारच्या नॉर्थॅम्प्टनशर कौन्सिलने २०१७ मध्ये अभिलेखागाराच्या मोफत वेळा कमी करून एरवी तासाला ३१.५० पौंड घ्यायचे ठरवले. लोकांनी इतका गहजब केला की निर्णय मागे घ्यावा लागला. त्यात इतिहासकार होते तसेच साधे वाचकही होते, कारण अभिलेखागार त्यांच्या रोजच्या कामाचे आहे. जुन्या पायवाटांचेच उदाहरण घ्या. २००० च्या एका कायद्याने नकाशावर न आलेल्या जुन्या पायवाटा नोंदवायला २०२६ ची मुदत घातली होती. पुढे ती वाढवली गेली. त्या काळात चालण्याची आवड असलेले निवृत्त लोक काउंटी अभिलेखागारांत बसून जहागिरींचे नकाशे धुंडाळत होते, कारण शेतातून जाणारी वाट दोनशे वर्षांपूर्वीच्या नकाशात दिसली तर ती आजही लोकांची ठरू शकते. आपल्याकडे पाणंद रस्ते आणि शिवरस्ते यांवरून गावोगाव डोकी फुटतात, तहसीलदारांपुढे वर्षानुवर्षे दावे पडून असतात. त्या वाटांचे जुने उल्लेख कुलकर्ण्यांच्या आणि देशमुखांच्या दप्तरांत असण्याची शक्यता किती मोठी आहे!

२०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ती नक्की कोणाची यावर भरपूर वाद झाला. लोक रांगा लावून पाहायला आले, त्यांच्या डोळ्यांतली श्रद्धा पाहून मलाही भरून आले. लंडनमधून काय काय परत आणायचे याच्या याद्या आता इथली मंडळेही करतात. माझे म्हणणे एवढेच की त्या यादीच्या आधी दुसरी यादी हवी, आणि तिची सुरुवात त्याच सातारा जिल्ह्यातून व्हावी. वाई, मेणवली, फलटण, औंध आणि कृष्णाकाठची किती तरी गावे जुन्या वाड्यांनी भरलेली आहेत. याच साताऱ्यात इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी जमवलेला अमोल संग्रह होता. तो १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात नेला गेला. तिथे तो जपला गेला हे चांगलेच झाले, पण जिल्ह्याला स्वतःचे अभिलेखागार मिळाले नाही ते नाहीच.

एका जिल्ह्यासाठी काय लागेल? कोरडी, वाळवीपासून सुरक्षित अशी एक इमारत. मोडी वाचणारी चार पगारी माणसे, समितीचे काम संपले की घरी पाठवायची नव्हेत, कायमची. फोटो काढण्याची यंत्रे, आणि कागद घरातून हलवायला तयार नसलेल्यांच्या घरी जाऊन फोटो काढून येणारे एक पथक. मालकी घराण्याचीच राहील, ठेवीतल्या कागदाच्या आधारे सरकार स्वतःहून जमिनीची चौकशी उघडणार नाही, आणि कागद पाहायला येणाऱ्याला जात किंवा गाव विचारले जाणार नाही, असे तीन कलमांत सांगणारा ठेव-करार. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून हे होण्यासारखे आहे. दुसऱ्या कलमाला महसूल खाते विरोध करील, ते मी गृहीत धरतो. ते कलम सोडले तर मात्र एकही जुने घर दार उघडणार नाही, म्हणून मोडी वाचकांच्या पगाराच्याही आधी त्या कलमासाठी भांडावे लागेल. परदेशातल्या आपल्या मंडळांनी पुतळ्यांसाठी आणि सोहळ्यांसाठी जे पैसे जमवले त्यातला काही वाटा त्या चार पगारांकडे वळवला तर पहिली काही वर्षे निघतील. त्यापुढचा खर्च जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात दरवर्षी स्वतंत्र ओळीने यायला हवा.