खुलासा : ग्रेगोरियन गायनावर बंदी नाही

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या गावोगावच्या ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय : ‘दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ग्रेगोरियन गायन बंद केलं. मिस्सेत किरिये एलेइसोनसारखं लॅटिन गाणं म्हणजे नियमभंग.’ हे साफ चूक आहे. ग्रेगोरियन गायन म्हणजे कॅथलिक उपासनेतलं जुनं, एकाच चालीत सगळ्यांनी म्हणायचं लॅटिन गायन; मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना; आणि दुसरी व्हॅटिकन परिषद म्हणजे १९६२ ते १९६५ दरम्यान रोममध्ये भरलेली जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा.

परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झाला. त्यातलं कलम ११६ उघडून बघा. ग्रेगोरियन गायन हे रोमन उपासनेचं खास आपलं आहे आणि इतर बाबी सारख्या असतील तर त्याला मानाचं स्थान द्यावं, असं तिथं म्हटलंय. १९७४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सोप्या लॅटिन चालींची पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठवली. बंदी असती तर कशाला पाठवली असती?

झालं असं, की लोकभाषेला मोकळीक मिळाली आणि ठिकठिकाणी जुनं गायन मागे पडलं. मागे पडणं वेगळं, बंद करणं वेगळं.

आणि ‘किरिये एलेइसोन’ लॅटिन नाहीच, ग्रीक आहे. ‘प्रभू, दया कर’ एवढाच अर्थ. एकच चाल, ठेका नाही, साथीला वाद्य नसलं तरी चालतं. शब्द संपतो तिथं श्वास घ्यायचा. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायासुद्धा दोनदा ऐकून धरतात.

म्हणून पेटी-ढोलकीवरची आपली मराठी भजनं सोडायची, असंही कुणी समजू नये. त्याच दस्तऐवजाचं कलम ११९ स्थानिक संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यायला सांगतं. व्हॉट्सॲपवरचा तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.