वाकलेलं बॉनेट आणि दहा वर्षांची कैद

जानेवारी 2024च्या पहिल्या दोन दिवसांत महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2)विरुद्ध ट्रकचालकांनी स्टिअरिंग सोडलं होतं. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतला आणि पोलिसांना न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड, असं ते कलम. जुन्या भारतीय दंड संहितेच्या 304-अ खाली कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलल्याशिवाय हे लागू करणार नाही असं सरकारने सांगितलं, संप मिटला, आणि 1 जुलै 2024ला संहिता अमलात आली ती हे उपकलम बाजूला ठेवूनच.

त्याच वर्षी 9 डिसेंबरला कुर्ल्यात बेस्टची भाड्याने घेतलेली इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि वाद पुन्हा पेटला. चालकाला या बसचं जेमतेम काही दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं, अशा बातम्या आल्या. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणे असल्यांना फासावर लटकवा. दुसरा म्हणे गरीब ड्रायव्हरचा बळी देताय, कंत्राटदाराला कोण विचारणार? दुसऱ्या तटाचं मला जास्त पटतं. पण दोघांनीही एक प्रश्न सोडून दिला: या माणसाच्या हातात पुढची गाडी कोण देणार, आणि देण्याआधी त्याला काय विचारणार?

तो प्रश्न विचारणं हीच माझी इथली नोकरी आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका मध्यम आकाराच्या ट्रक कंपनीच्या सेफ्टी खात्यात मी बसतो. अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि बरेचसे माझ्याच टेबलावर मरतात.

इथे अपघाताची विभागणी ‘प्रिव्हेंटेबल’ (टाळता आला असता असा) आणि ‘नॉन-प्रिव्हेंटेबल’ अशी होते, आणि तिचा गुन्ह्याशी फारसा संबंध नाही. पोलिसांनी चलान समोरच्याला फाडलं असलं तरी कंपनी तुमचा अपघात प्रिव्हेंटेबल ठरवू शकते. कुणी तुमच्यापुढे गाडी घुसवून ब्रेक मारला आणि तुम्ही मागून धडकलात, तर पहिला प्रश्न येतो की अंतर का राखलं नव्हतं. चालकाने काही केलं असतं, किंवा करायचं टाळलं असतं, तर हे वाचलं असतं का, एवढंच पाहिलं जातं. अंधारातून हरीण आडवं आलं तर बहुधा सुटका. उभ्या खांबाला घासलं तर नाही. खांब काही चालत आला नव्हता.

ही नोंद चालकाच्या मागे मागे फिरते. सरकारी पीएसपी अहवालात 5 वर्षांचे मोठे अपघात आणि 3 वर्षांच्या रस्त्यावरच्या तपासण्या असतात. नव्या कंपनीला आधीच्या 3 वर्षांतल्या मालकांकडे चौकशी करावीच लागते, आणि त्यांना 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. शिवाय डॅक रिपोर्ट नावाची खासगी कुंडली असते. सरकारी यादीत न बसणारा, म्हणजे कुणी मेलं नाही, कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं नाही, गाडी ओढून न्यावी लागली नाही, असा किरकोळ धक्काही तिच्यात येऊ शकतो.

नगर जिल्ह्यातला एक मुलगा, भावामुळे ग्रीन कार्डवर आलेला. सीडीएल, म्हणजे ट्रक चालवायचं व्यावसायिक लायसन्स, काढलं, एका मोठ्या कंपनीत लागला आणि वर्ष भरायच्या आत बाहेर पडला. कारण दोन अपघात. पहिला ट्रक स्टॉपवर, रात्री. रांगेतून गाडी बाहेर काढताना त्याने वळण लवकर घेतलं. 53 फुटांच्या ट्रेलरची मागची चाकं आतून कापत येतात, आणि ट्रेलरची कूस शेजारच्या ट्रकच्या नाकावरून घासत गेली. फायबरचं बॉनेट तडकलं, आरसा लोंबकळला. आत झोपलेला माणूस मोज्यांवर खाली उतरला. दुसरा एका गोदामात, जिकडे आरसा काही दाखवत नाही त्या बाजूने गाडी मागे घेताना. पिवळा लोखंडी खांब आणि ट्रेलरचा दरवाजा.

फोनवर मला म्हणाला, “दादा, माणूस तर सोडाच, कुत्रंसुद्धा मेलं नाही माझ्या हातून. मग मला कुणी उभं का करत नाही?”

कारण विमा. एवढ्या मोठ्या मालट्रकला इथल्या केंद्र सरकारने ठरवलेला किमान दायित्व विमा साडेसात लाख डॉलरचा आहे आणि ज्यूरी कधीकधी कोट्यवधी डॉलरची भरपाई देते. उद्या याच मुलाच्या हातून खरोखर काही झालं, तर वकील पहिलं हेच विचारणार: दोन अपघात माहीत असताना याला घेतलाच कसा? म्हणून भरती करणारी बाई अर्ज येईपर्यंत गोड बोलते, अहवाल आला की फोन उचलत नाही. नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे. पण नव्या चालकाचे वर्षभरात दोन प्रिव्हेंटेबल म्हटल्यावर बहुतेक मोठी दारं बंद होतात. आमचंही झालं. माझं मत त्याला घ्यावं असं होतं, पण आमच्या नियमात खांबाला लागलेलं ट्रेलर आणि हायवेवर मागून दिलेली धडक यांना एकच गुण आहे. हा नियम मला मूर्खपणाचा वाटतो आणि मी तसं लेखी दिलंय.

अशा पोरांना मी सांगतो ते फार काही गुपित नाही. पहिल्या अपघातानंतर रागाने राजीनामा देऊ नका. ज्या कंपनीने तुम्हाला पाहिलंय तीच तुम्हाला सांभाळून घेण्याची शक्यता सर्वांत जास्त. अर्जात 3 वर्षांतले अपघात विचारलेले असतात, तिथे एकही लपवू नका. बॉनेट फुटल्याचं माफ होतं, खोटं लिहिल्याचं होत नाही. पीएसपी 10 डॉलरला मिळतो, डॅक वर्षातून एकदा फुकट मागता येतो. दोन्ही वाचा. आधीच्या मालकाने चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्याने नकार दिला तर तुम्ही पाठवलेली तुमची बाजू त्याला त्या कागदाला जोडावी लागते, आणि पुढच्या कंपनीला ती दिसते. हा हक्क फार थोडे लोक वापरतात. त्या मुलाच्या नोंदीत पहिल्या अपघाताला ‘गाडी टो केली’ असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. खोडायला लावलं.

काम मिळतं ते कडेकडेने. गोदामाच्या आवारात ट्रेलर इकडून तिकडे लावणारा माणूस, ज्याला इथे यार्ड जॉकी म्हणतात. खडी-मातीचे डंपर. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर ऑक्टोबरात शुगर बीटची काढणी चालते, तिथे हंगामी चालक लागतात. पाच-दहा गाड्यांचे छोटे मालक, जे कागदाआधी माणसाला भेटतात. पण ‘आम्ही कुणालाही घेतो’ म्हणणाऱ्याकडे जाताना सांभाळा. तिथे अनेकदा ट्रकच तुमच्या गळ्यात मारतात: हप्ते पगारातून कापायचे आणि हप्ते फिटायच्या आत माणूस निघून गेला की तोच ट्रक दुसऱ्याच्या गळ्यात. जानेवारी 2025मध्ये सरकारच्याच एका कृतिगटाने असे करार बंद करण्याची शिफारस केली. धंदा चालूच आहे.

आमच्या ग्रुपवर कुणीतरी नेमाने लिहितं, ‘तिकडे शिस्त आहे हो.’ शिस्त आहे, पण ती कुणाकुणाला लागू आहे तेही बघा. 7 फेब्रुवारी 2022पासून इथे नव्या चालकाला मान्यताप्राप्त प्रशिक्षण सक्तीचं झालं. मात्र किती तास गाडी चालवून घ्यायची याचा किमान आकडा त्या नियमात नाही. काही आठवड्यांची शाळा, मग काही आठवडे शिकवणाऱ्याबरोबर, आणि मग 80 हजार पौंडांची गाडी घेऊन अनोळखी गोदामात रात्री दोन वाजता एकटा. पगार मैलावर, त्यामुळे खाली उतरून मागे बघण्यात गेलेल्या वेळेचे पैसे नाहीत. मोठ्या लांब पल्ल्याच्या कंपन्यांत वर्षाला शंभरातले नव्वदच्या आसपास चालक बदलत आलेत, आणि त्यांना त्याचं विशेष वाटत नाही. पोराची चूक कागदावर येते. शाळेने त्याला घाईत पास केलं, फेऱ्या ठरवणाऱ्या डिस्पॅचरने तो दमलेला असताना पुढे ढकललं, हे कुठल्याच अहवालात येत नाही.

भारतीय नाव असलं की आणखी थोडं जड जातं. ऑगस्ट 2025मध्ये फ्लोरिडात भारतीय वंशाच्या चालकाने बेकायदा यू-टर्न घेतला आणि तीन जण गेले. त्याआधीच, 25 जूनपासून, पुरेसं इंग्रजी न येणाऱ्या चालकाला जागेवरच थांबवण्याचा नियम कडक झाला होता. नंतरचे काही आठवडे पगडीवाल्या, दाढीवाल्या सभ्य चालकांनी ट्रक स्टॉपवर काय ऐकून घेतलं ते मला त्यांच्याकडूनच कळलं. गावाकडच्या चर्चेत मात्र ‘आपला की आपला नाही’ एवढंच होतं.

आता आपल्याकडे बघू. आपल्याकडे पूर्वी शाळा नव्हती, पण क्लीनर होता. गाडीच्या मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत, बॉडीवर थाप मारत तो पोरगा काही वर्षं काढायचा आणि मग स्टिअरिंगवर बसायचा. मालकांनी खर्च वाचवायला क्लीनर काढला आणि त्याच्या जागी काहीच आणलं नाही. 2019पासून लायसन्ससाठीची आठवी पासची अटही गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण तिच्या बदल्यात खरं प्रशिक्षण यायला हवं होतं. आणि चालक नेमताना आधीच्या मालकाला विचारण्याची सक्ती कुठेच नाही. 2022मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. अमेरिकेत त्याच वर्षी 42,514. तरी इथे वाकलेल्या बॉनेटची फाईल आहे आणि तिथे मेलेल्या माणसाचीही पुढच्या मालकाकडे नसते.

चालक पळतो कशाला, हेही त्या कलमाने नीट विचारलं नाही. इथे अपघात झाला की चालकाने 10 मिनिटांत तीन परावर्तक त्रिकोण रस्त्यावर ठेवायचे, कंपनीला कळवायचं, फोटो काढायचे. तो थांबतो, कारण जमाव त्याला मारायला येत नाही. आपल्याकडे थांबलेल्याची हाडं मोडतात. पळून थेट पोलीस ठाण्यात गेलेल्याला वेगळं मोजलं जाईल, असा भरवसा त्याला आधी वाटला पाहिजे.

इथली सगळी व्यवस्था उचलून तिकडे नेऊ नये. दोनदा किरकोळ घासलं म्हणून पोराला वर्षभर घरी बसवणारं तिच्यात बरंच आहे. पण 3 वर्षांची चौकशी, 30 दिवसांत उत्तर, चालकाला स्वतःची नोंद वाचण्याचा आणि तिच्यावर उत्तर जोडण्याचा हक्क, आणि किरकोळ धक्का व मृत्यू यांचे वेगळे रकाने, एवढं नेता येईल. संघटना पुढच्या वेळी 106(2)वर सरकारसमोर बसतील तेव्हा शिक्षेची वर्षं कमी करून घेण्याबरोबर त्यांनी हे मागावं. चालक मानतील असं मला वाटतं. अडचण त्याच संघटनांमधल्या मालकांची होईल: चालकाची नोंद ठेवायची तर त्याला आधी नेमणूकपत्र द्यावं लागतं, आणि ते आज किती जण देतात?