लेआउटवरचा इटरेटर आणि स्ट्रिंगवरचा लूप: एका रुळलेल्या दाव्याचा प्रतिवाद

पँगो ही लायब्ररी वापरून पडद्यावर मजकूर उमटवणाऱ्या प्रोग्रामरांमध्ये एक दावा चांगलाच रुळला आहे. मजकुराचा लेआउट (ओळींत मांडलेला मजकूर) एकदा तयार झाला की त्यावर फिरणारा, एकामागून एक तुकडा हाती देणारा इटरेटर म्हणजे स्ट्रिंगवरच्या, म्हणजे साठवलेल्या अक्षरमालेवरच्या, साध्या लूपचेच सजवलेले रूप, असे तो सांगतो. इटरेटर एकेका अक्षरावरून क्रमाने पुढे सरकतो आणि प्रत्येक थांब्यावर त्या अक्षराचा क्रमांक व चौकट (ते व्यापते तो आयत) देतो. हेच काम स्ट्रिंगवर लूप फिरवून, सुट्या अक्षरांच्या रुंदीची बेरीज करूनही होते आणि तसे ते जलदही होते, असा त्याचा उरलेला भाग आहे. इंग्रजी मजकूर, एकच ओळ आणि समान रुंदीच्या अक्षरांचा फॉन्ट एवढ्या मर्यादेत हे बहुतांशी खरे ठरते, म्हणूनच दावा टिकून राहिला आहे. देवनागरी मजकूर दिला की मात्र त्यातले एकेक विधान गळू लागते.

प्रथम क्रमांकाचे पाहू. इटरेटर जो निर्देशांक देतो तो अक्षरांचा नसून बाइटचा असतो. पँगो मजकूर यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ठेवते आणि त्यात देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडने क्रमांक दिलेले एकेक चिन्ह: वर्ण, मात्रा किंवा हलन्त) ३ बाइट घेतो. ‘किती’ या शब्दात ४ कोडपॉइंट आणि १२ बाइट आहेत. त्यातला ‘त’ हा तिसरा कोडपॉइंट असला तरी त्याचा निर्देशांक, शून्यापासून मोजल्यामुळे, ६ येतो. पायथनमधून पँगो वापरणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते, कारण पायथनची स्ट्रिंग कोडपॉइंट मोजते आणि लायब्ररीकडून आलेला आकडा बाइटचाच असतो.

दुसरे विधान क्रमाचे. पँगोचे दस्तऐवजीकरण स्पष्ट सांगते की अक्षर, क्लस्टर (एकत्र आकार घेणारा अक्षरांचा गट) किंवा रन (एकाच फॉन्टचा व दिशेचा सलग तुकडा) यांपैकी कशावरूनही पुढे सरकताना इटरेटर दृश्य क्रमाने, म्हणजे डावीकडून उजवीकडे जसे दिसते तसे, जातो. मजकूर ज्या क्रमाने साठवला आहे त्या क्रमाने नव्हे. ‘मराठी’ हा शब्द, त्यापुढे एक जागा आणि मग ‘उर्दू’ हा शब्द उर्दू लिपीत, असा मजकूर घ्या. ‘मराठी’चे १५ बाइट, जागेचा १ आणि उर्दू लिपीतल्या ४ अक्षरांचे प्रत्येकी २, असे एकूण २४ बाइट होतात. अक्षराअक्षराने फिरताना निर्देशांक ०, ३, ६, ९, १२, १५ असे येतात आणि नंतर २२, २०, १८, १६ असे उलटे उतरतात. त्यानंतरही एक थांबा उरतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रिकामा रन असतो आणि तिथे निर्देशांक मजकुराच्या लांबीइतका, म्हणजे २४ येतो. निर्देशांक नेहमी वाढतच जातो असे धरून लिहिलेला आणि रन कधी रिकामा येऊ शकतो हे न तपासणारा कोड इथे दोनदा कोसळतो. (लूपची शर्त आरंभीच ठेवणारेही याच जागी चुकतात. इटरेटर जन्मतःच पहिल्या थांब्यावर उभा असतो, त्यामुळे काम आधी आणि पुढे सरकणे नंतर, अशीच रचना हवी. नाहीतर पहिले अक्षर निसटते.)

तिसरे विधान चौकटीचे, आणि मराठी वाचकाला सर्वांत जास्त नडणारे तेच आहे. २०१२ पासून पँगोमधले शेपिंग, म्हणजे कोडपॉइंटांवरून ग्लिफ (फॉन्टमधले प्रत्यक्ष आकार) ठरवण्याचे काम, हार्फबझ ही दुसरी लायब्ररी करते. हार्फबझ ग्लिफ आणि मजकूर यांची सांगड क्लस्टरच्या पातळीवर घालते. अमुक ग्लिफ अमुक क्लस्टरचा, एवढे ते सांगते; क्लस्टरच्या आत कोणता ग्लिफ कोणत्या कोडपॉइंटचा, हे ते सांगत नाही आणि पुष्कळदा सांगणे शक्यही नसते. ‘क्षत्रिय’ या शब्दात ८ कोडपॉइंट आणि २४ बाइट आहेत, पण बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये त्याचे क्लस्टर तीनच होतात: क्ष, त्रि आणि य. मग एकेका अक्षराची चौकट मागितली तर पँगो काय देते? ती क्लस्टरची रुंदी घेते आणि त्यातल्या कोडपॉइंटांच्या संख्येने समान भागते. ‘त्रि’च्या रुंदीचे चार सारखे तुकडे पडतात आणि त्यांतला एक तुकडा हलन्तचिन्हालाही मिळतो, जे इथे स्वतंत्रपणे उमटलेलेच नाही.

‘कि’मध्ये याहून मजेदार प्रकार घडतो. साठवणीत ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर असते, तर दिसताना ऱ्हस्व वेलांटीचा दंड ‘क’च्या डावीकडे येतो. समान वाटणीत डावा अर्धा भाग ‘क’च्या नावावर जातो आणि उजवा अर्धा वेलांटीच्या. एखाद्याने फक्त ‘क’ रंगवायचा म्हणून ही चौकट वापरली तर रंग मुख्यतः वेलांटीवर चढेल. दृश्य क्रमाची हमी क्लस्टरपर्यंतच असते. क्लस्टरच्या आत दिसण्याचा क्रम इटरेटरला ठाऊक नसतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन्ही शब्दांत ५-५ कोडपॉइंट आहेत. पहिल्यातला रफार ‘य’च्या पुढे जाऊन माथ्यावर बसतो, दुसऱ्यातला ‘ऱ्’ ‘य’च्या आधी आपल्या जागीच उमटतो. हा फरक अक्षरांच्या चौकटींत कुठेच सापडणार नाही. याला लायब्ररीतला दोष म्हणणेही बरोबर नाही, कारण अक्षरासाठी केवळ तार्किक चौकट (ओळीत राखलेली जागा) मिळू शकते आणि शाईची चौकट (प्रत्यक्ष उमटलेला भाग) क्लस्टरच्या पातळीपर्यंतच अर्थपूर्ण असते, हे दस्तऐवजीकरणात लिहिलेलेच आहे.

यावर एक उत्तर नेहमी येते: मग स्ट्रिंगवरच युनिकोडच्या नियमांनी ग्राफीम (वाचकाला एकच अक्षर वाटणारे गट) मोजावेत, इटरेटर कशाला हवा? हे उत्तर कर्सर कुठे थांबावा यासाठी ठीक आहे, आणि त्यासाठी पँगो कर्सरच्या जागा स्वतंत्रपणे पुरवतेच. चौकटींसाठी ते अपुरे पडते. २०२३ च्या युनिकोड १५.१ पर्यंत ‘क्ष’ हे नियमानुसार दोन ग्राफीम होते. देवनागरीची जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम त्या आवृत्तीत आला. शिवाय जोडाक्षराला एकच ग्लिफ आहे की अर्धे आणि पूर्ण असे दोन, हे फॉन्ट ठरवतो. ती माहिती शेपिंग झाल्यावरच हाती येते आणि स्ट्रिंगमध्ये ती कधीच नसते.

रुंदीच्या बेरजेचा मुद्दा यातच निकालात निघतो. सुट्या ‘क’, हलन्त आणि ‘ष’ यांच्या रुंदीची बेरीज ‘क्ष’च्या रुंदीशी जुळण्याचे कारणच नाही, आणि लॅटिन लिपीतही कर्निंग (अक्षरजोडीतले अंतर कमी-जास्त करणे) व जोडग्लिफ आले की हिशेब चुकतो. दिसणाऱ्या चौकटी हव्या असतील तर इटरेटर क्लस्टरवरून फिरवावा. निवडलेल्या मजकुराला पार्श्वरंग द्यायचा असेल तर ओळीकडून निर्देशांकांच्या पट्ट्याचे आडवे विस्तार मागावेत, कारण दोन दिशांच्या लिप्या मिसळल्या की एका निवडीचे दोन तुकडे पडू शकतात. इटरेटरच्या चौकटी संपूर्ण लेआउटच्या मापात असतात, तर ओळीकडून थेट घेतलेल्या चौकटी त्या ओळीच्या मूळरेषेपासून मोजलेल्या असतात. दोन्ही मापे पिक्सेलमध्ये नसतात. उपकरणाच्या एका एककाचे (पडद्यावर सहसा एका पिक्सेलचे) १०२४ भाग धरलेले असतात.

राहिला वेगाचा आरोप. तो बहुधा इटरेटर प्रत्येक पावलाला शेपिंग नव्याने करतो या समजातून आला असावा. प्रत्यक्षात ओळी एकदा मांडल्या की लेआउट त्या जपून ठेवतो आणि इटरेटर तयार ग्लिफ वाचत पुढे सरकतो. खर्चिक आहे ते एकेक अक्षर वेगळे काढून मोजणे, कारण तिथे प्रत्येक तुकड्यासाठी शेपिंग पुन्हा होते. मात्र फिरता फिरता मजकूर, फॉन्ट किंवा ओळीची रुंदी बदलली तर मांडलेल्या ओळी टाकून दिल्या जातात, इटरेटर निकामी होतो आणि पँगो तसा इशारा छापते. म्हणून लागतील त्या सर्व चौकटी आधी एका यादीत गोळा कराव्यात आणि लेआउटला हात त्यानंतरच लावावा.