बावन्न सेकंद गप्प उभं राहा ना!

आज सकाळी सोसायटीचं झेंडावंदन झालं. आता रात्रीचे दहा वाजलेत आणि माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला साधारण ५२ सेकंद लागतात. लिफ्टची वाट बघत आपण यापेक्षा जास्त वेळ उभे असतो. तेवढ्या वेळात पाय जुळवायचे, हात बाजूला सरळ ठेवायचे, नजर झेंड्याकडे आणि तोंडात फक्त गीताचे शब्द. बस! पहिलीतल्या पोरांना जमतं हे. आमच्या आवारात ऐंशीएक मोठी माणसं जमली होती, त्यातल्या निम्म्यांना जमलं नाही.

मुळात गायला कुणी तयारच नव्हतं. एकानं मोबाइल स्पीकरला जोडला आणि यूट्यूबवर राष्ट्रगीत लावलं. झेंडा वर फडकतोय, पाकळ्या खाली पडतायत, आणि स्पीकरमधून वाजतेय कर्ज देणाऱ्या कुठल्यातरी ॲपची जाहिरात! लोक हसले. मला हसू आलं नाही, लाज वाटली. अरे, ज्या गीताचा एकेक शब्द बालवाडीपासून तोंडपाठ आहे, ते वाजवायला यंत्र कशाला लागतं? गृहमंत्रालयाच्या राष्ट्रगीताविषयीच्या आदेशातही ध्वज फडकवताना ते सगळ्यांनी मिळून गावं असंच म्हटलंय. सूर चुकला तरी चालेल हो, पण आवाज आपला असू द्या.

त्यानंतर जे लागलं ते कुठल्यातरी वाद्यवृंदाचं लांबवलेलं राष्ट्रगीत. सुरुवातीला बासरी, मध्येच तबला. कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे कुणालाच कळेना. मग जो तो आपापल्या मनाने उभा. कुणी हात मागे बांधलेले, कुणी एका पायावर भार देऊन, कुणी छातीवर हात ठेवलेला. छातीवर हात ठेवणं ही अमेरिकेतली पद्धत आहे. आपल्याकडे सावधान उभं राहतात. झेंडा फडकवताना आपल्या ध्वजसंहितेत एवढंच सांगितलंय की झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं, आणि गणवेशात असतील त्यांनी सलामी द्यायची. आज ती सलामी नीट दिली फक्त गेटवरच्या वॉचमनदादांनी. पहाटे उठून झेंड्याची घडी आणि दोरीची गाठही त्यांनीच बांधली होती. भाषणात त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

आणि मोबाइल! निम्मी माणसं व्हिडिओ काढत होती. झेंड्याचा काढला असता तर एक वेळ समजून घेतलं असतं, पण झेंड्याकडे पाठ करून स्वतःचा काढत होती. कमिटीतले एक साहेब तर राष्ट्रगीत चालू असताना फोन उंच धरून उलट पावली मागे मागे सरकत होते, सगळ्यांना फ्रेममध्ये घेण्यासाठी. चालत होते हो, राष्ट्रगीत चालू असताना! मध्येच एका वहिनींना हातानं खुणावलं, "जरा इकडे सरका."

आता ज्यामुळे माझं डोकं फिरलं ते सांगते.

तिसऱ्या मजल्यावरचे काका मागे खुर्चीवर बसले होते. मे महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर शेजारीच ठेवलेला. आवारापर्यंत आले हेच खूप. बसल्या जागी पाठ ताठ ठेवून ते संपूर्ण राष्ट्रगीत गात होते. माझ्या आसपास स्पष्ट ऐकू येणारा तो एकच आवाज होता. राष्ट्रगीत संपलं, मुलं प्रतिज्ञेसाठी पुढे आली आणि हे व्हिडिओवाले साहेब काकांपाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय काका, देशासाठी एक मिनिट उभं राहता येत नाही?"

त्याच वेळी समोर माझी पाचवीतली लेक माइकवर म्हणत होती, "वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन."

काका काही बोलले नाहीत. वॉकर धरून उठायला लागले. मी धावत जाऊन त्यांना बसवलं आणि साहेबांना जे बोलायचं ते बोलले. त्यावर उत्तर काय मिळालं? "ताई, नियम म्हणजे नियम."

नियम? मग नियमच ऐका. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला आळा घालणारा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे ती राष्ट्रगीत मुद्दाम थांबवणाऱ्याला किंवा ते गाणाऱ्या सभेत मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला. दुखऱ्या गुडघ्याला नाही! चित्रपटगृहातल्या राष्ट्रगीतावरून २०१६ मध्ये एवढा गदारोळ झाला, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने अपंगांना उभं राहण्यातून सूट दिलीच होती, आणि २०१८ मध्ये तर तिथे राष्ट्रगीत लावण्याची सक्तीच काढून टाकली. त्याआधी १९८६ मध्ये केरळच्या तीन शाळकरी मुलांचा खटला गाजला होता. धर्मश्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत गात नसत, पण आदराने उभी राहत. शाळेने काढून टाकलं होतं, न्यायालयाने परत घ्यायला लावलं. इतक्या बारकाईने विचार झालाय या विषयावर आपल्या देशात. आणि आमच्याकडे काय, तर खुर्चीत कोण बसलंय तेवढं बघायचं. स्वतः हलला, बोलला, पाठ फिरवली, ते कुणी मोजायचं?

प्रतिज्ञेचं तर विचारूच नका. राष्ट्रगीत संपल्याबरोबर गर्दी वडापावच्या टेबलाकडे वळली. मुलं हात पुढे करून "भारत माझा देश आहे" म्हणतायत आणि मागे "चटणी कुठंय?" चाललंय. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिलेली ही प्रतिज्ञा आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली असते. आपण सगळे ती रोज म्हणत मोठे झालो. दहावी झाली की ती आपल्याला लागू होत नाही का? लेकीनं घरी आल्यावर विचारलं, "आई, आम्ही म्हणत होतो तेव्हा कुणी ऐकत का नव्हतं?" काय सांगू तिला?

दुपारी खाली गेले तर कागदी झेंडे चहाच्या कपांसोबत चिखलात पडलेले. ते जमिनीवर टाकायचे नसतात, हेही त्याच ध्वजसंहितेत आहे. मी आणि वॉचमनदादांनी मिळून एकवीस वेचले, पुसले आणि पिशवीत ठेवले. साहेबांचा व्हिडिओ तोवर ग्रुपवर आला होता, खाली पन्नास तिरंगे आणि "अभिमान" वगैरे. त्यात काका दिसत नाहीत. त्यांची खुर्ची फ्रेमच्या बाहेर राहील असं कापलंय.

साहेब, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेलच. २६ जानेवारीला स्पीकर आणू नका, आम्ही गाऊ. फोन खिशात ठेवा. खुर्च्या पुढच्या रांगेत मांडा, ज्यांना बसायचंय ते बसतील. आणि त्याला अजून पाच महिने आहेत, तिसरा मजला मात्र दोन जिने वर आहे. उद्या सकाळी जा आणि काकांची माफी मागा. ते आज वडापाव न खाताच वर गेले.