तोल्यात्तीच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘जी’ चुकीचा नाही

व्होल्गाकाठचं तोल्यात्ती म्हणजे रशियातलं मोटारींचं शहर. लाडा गाड्या इथल्याच. या शहराच्या नावाबद्दल एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. त्यात तीन दावे असतात. फिआटनं कारखाना उभारून दिला म्हणून शहराला इटालियन नाव मिळालं. इंग्रजीत ‘टी-ओ-जी-एल-आय’ असं सुरू होणारं स्पेलिंग पाश्चात्त्यांनी बिघडवलेलं आहे, ‘टी-ओ-एल-वाय’ तेवढंच खरं. आणि ‘जी’ घालणं म्हणजे मुंबईला बॉम्बे म्हणण्यासारखंच. तिन्ही दावे चुकीचे आहेत, आणि त्यावर विसंबून लोक एकमेकांचं बरोबर लिहिलेलं खोडतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

फिआटचा दावा तारखांपुढेच पडतो. इटालियन कम्युनिस्ट पक्षाचे नेते पाल्मिरो तोल्यात्ती २१ ऑगस्ट १९६४ रोजी याल्टात वारले. आठवडाभरात, २८ ऑगस्टला, सोव्हिएत सरकारनं व्होल्गाकाठच्या स्ताव्रोपोलला त्यांचं नाव दिलं. फिआटशी करार झाला १९६६ मध्ये, आणि फिआट १२४ वर बेतलेली पहिली झिगुली (लाडाचं देशातलं नाव) बाहेर पडली १९७० मध्ये. म्हणजे नाव आधी, कारखाना नंतर. १७३७ साली वसलेलं मूळ स्ताव्रोपोल तर त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं आणि गाव वर नव्या जागी हलवलं होतं. धरणग्रस्त गावांची कहाणी आपल्याला नवी नाही, पण नावाच्या या वादात तिची आठवणही कुणी काढत नाही.

आता ‘जी’. इटालियनमध्ये ‘जी-एल-आय’ ही अक्षरं एकत्र आली की उच्चार साधारण ‘ल्य’ होतो, ‘ग’ ऐकूच येत नाही. रशियनांनी ऐकू आलं तसं आपल्या लिपीत उतरवलं. इंग्रजीत लिहिणाऱ्यासमोर मग दोन वाटा उरतात: रशियन अक्षरांचं रोमन लिप्यंतर करायचं, किंवा ज्या माणसाचं नाव आहे त्यानं ते जसं लिहिलं तसंच ठेवायचं. पहिल्या वाटेनं ‘वाय’ येतो, दुसरीनं ‘जी’. नकाशे आणि ज्ञानकोश बहुधा पहिली वाट धरतात, तेही योग्यच. पण ‘जी’ पाश्चात्त्यांनी घुसडला म्हणायचं, तर तोल्यात्तीचं सरकारी विद्यापीठ स्वतःच्या इंग्रजी नावात ‘जी’ का लिहितं? तिथली तोल्यात्तीआझोत ही अमोनिया बनवणारी मोठी कंपनीसुद्धा इंग्रजीत ‘जी’च लिहिते. बिघाड म्हणायचा तर तो गावातल्याच लोकांनी केला म्हणावं लागेल.

शिवाय ‘वाय’वालं रूपही काटेकोर लिप्यंतर नाही. रशियन नावात ‘ल’नंतर मृदुचिन्ह असतं, म्हणजे स्वतःचा उच्चार नसलेलं, आधीचं व्यंजन मृदू करणारं अक्षर. प्रचलित पद्धतींत त्याच्या जागी वर एक स्वल्पविरामासारखी खूण (अपॉस्ट्रॉफी) द्यावी लागते, आणि ती सगळे सर्रास गाळतात. दुसऱ्या एका पद्धतीनं ‘वाय-ए’ऐवजी ‘आय-ए’ येतं. एकमेव खरं रूप म्हणायचं ते यातलं कुठलं?

व्होल्गाकाठीच याची आणखी दोन उदाहरणं आहेत. सारातोव्हजवळच्या एंगेल्स शहराचं नाव इंग्रजीत त्या जर्मन विचारवंताच्या आडनावाप्रमाणेच लिहितात, मृदुचिन्हाचा कुणी आग्रह धरत नाही. त्याच प्रांतातल्या मार्क्स गावाच्या शेवटी मात्र ‘एक्स’ऐवजी बहुधा ‘के-एस’ येतं. मित्रांच्या नावाची दोन गावं आणि दोन रिवाज! परकीय आडनाव रशियन लिपीतून फिरून रोमन लिपीत परतलं की असंच होतं.

बॉम्बेची तुलना तर मला खटकतेच. मुंबई हे इथल्या लोकांच्या तोंडचं नाव होतं, ते डावलून इंग्रजी रूप चालवलं गेलं, म्हणून झगडा झाला. तोल्यात्तीत स्थानिकांचं नाव कुणी डावललेलं नाही. रशियनमध्ये ते एकच आहे, आणि १९९६ मध्ये जुनं स्ताव्रोपोल परत आणायचं का असं विचारलं तेव्हा बहुसंख्य मतदारांनी नकारच दिला.

या सगळ्या वादातून एकच गोष्ट धरून ठेवण्यासारखी आहे: ‘ग’ उच्चारायचा नाही. मराठीत ‘टोग्लियाट्टी’ छापलेलं दिसलं तर तिथे जरूर दुरुस्त करा. आपल्या लिपीत ‘तोल्यात्ती’ लिहिलं की रशियन आणि इटालियन दोन्ही उच्चारांच्या जवळ जाता येतं. आणि अमोनिया वाहून नेण्यासाठी बांधलेल्या तोल्यात्ती-ओदेसा नळवाहिनीबद्दल इंग्रजीत काही शोधत असाल तर दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहा, कारण बातम्या दोन्हींत विखुरलेल्या आहेत.